मदत हवी आहे: मुलीला सिस्टिक फायब्रोसिस आहे. पांढऱ्या पेशी भरपूर, तरी जंतू हटत का नाहीत?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातून लिहितोय. मुलगी सात वर्षांची आहे. गेल्या दिवाळीनंतर तिला सिस्टिक फायब्रोसिसचं (जनुकातल्या बिघाडानं कफ चिकट करणारा जन्मजात आजार) निदान झालं. त्याआधी बरंच रामायण झालं, एका दवाखान्यात टीबीचा पूर्ण कोर्सही झाला, पण ते आता उगाळत बसत नाही. घामाची तपासणी पुण्याला केली, क्लोराइड ९८ आलं. ६० किंवा त्याच्या वर आलं की हा आजार धरतात, असं सांगितलं. तान्ही असताना पापी घेतली की आई म्हणायची, पोर खारट लागतीय. तेव्हा सगळे हसायचे.

सध्या जेवताना पचनासाठी एंझाइमच्या कॅप्सूल, दिवसातून दोनदा तीव्र मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझेशन, पाठोपाठ छातीची फिजिओथेरपी आणि अ, ड, ई, के जीवनसत्त्वं चालू आहेत. आता नवीन म्हणजे अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, आठवड्यातून तीन दिवस. ताप नसतानाही.

माझा प्रश्न पेशींबद्दल आहे. बेडक्याच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला. रक्तात पांढऱ्या पेशी १६,८००, त्यात न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) ८२ टक्के. बेडक्याच्या रिपोर्टवर 'पस सेल्स (पुवाच्या पेशी) भरपूर'. यावरून घरात दोन तट पडलेत. सासरे (ते माझे सख्खे मामाच) म्हणतात, पोरीची प्रतिकारशक्ती कमी पडतीय, गुळवेलीचा काढा आणि च्यवनप्राश सुरू करा. डॉक्टर म्हणाले, "कमी कुठे? जास्तच आहे, पण कामाची नाही," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यांचाही दोष नाही, बाहेर ही रांग होती.

मधल्या काळात एका लॅबमध्ये डीएचआर नावाची तपासणी करून घेतली. ती नॉर्मल आली. खाली लिहिलंय, न्यूट्रोफिलचं कार्य योग्य. मग पेशी चांगल्या, संख्येनं भरपूर, तरी जंतू ठाण मांडून बसलेत, हे कसं? प्रतिकारशक्ती कमी आहे की जास्त? आणि काढा द्यायचा की नाही, हे मामांना कसं पटवू? सायन्स बारावीपर्यंत झालंय, त्या बेतानं सांगा.

हौशी_काका

गुळवेल, तुळस, सुंठ, मिरे. सकाळी अनशापोटी. माझ्या पुतण्याचा दमा यानंच गेला. ॲलोपॅथीवाले नुसती अँटिबायोटिकं देऊन उरलीसुरली ताकद पण घालवतात. मामांचं ऐका.

भिंगातून

काका, दमा वेगळा, हा वेगळा. थोडं थांबा.

शाहूपुरीकर, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. तेव्हा औषधांचं सोडून पेशींचं तेवढं बोलते. जरा लांबेल.

आधी डीएचआर. ही तपासणी मुळात दुसऱ्याच आजारासाठी आहे, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज नावाच्या. पेशीला डिवचल्यावर ती ऑक्सिजनपासून जहाल रेणू बनवते की नाही, इतकंच ती बघते. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये ते काम सहसा शाबूत असतं, म्हणून रिपोर्ट नॉर्मल. पण 'कार्य योग्य' हे वाक्य त्या एका कामापुरतंच खरं आहे. शिवाय ही तपासणी हातातून काढलेल्या रक्तावर होते. तुमच्या मुलीचं भांडण चाललंय फुफ्फुसात.

आता मूळ बिघाड. सातव्या गुणसूत्रावर सीएफटीआर नावाचं जनुक आहे, १९८९ मध्ये ते सापडलं. त्याच्या सूचनेवरून पेशीच्या पडद्यात एक दार तयार होतं, ज्यातून क्लोराइड आणि बायकार्बोनेट ये-जा करतात. दार बिघडलं की घामात मीठ जास्त जातं आणि श्वासनलिकांच्या आतला पातळ ओलावा आटतो. कफ चिकट होतो, त्याला वर ढकलणारे बारीक केस अडकून पडतात. आत गेलेला जंतू बाहेर यायला वाटच राहत नाही.

इथपर्यंत तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं असेलच. पण हेच दार न्यूट्रोफिलमध्येही असतं. न्यूट्रोफिल जंतूला गिळून एका पिशवीत कोंडते आणि त्या पिशवीत क्लोराइड वापरून हायपोक्लोरस आम्ल बनवते. आपण पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकतो ना, जंतू मारणारा पदार्थ तोच. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या न्यूट्रोफिलमध्ये त्या पिशवीत क्लोराइड कमी पोचतं आणि गिळलेला स्यूडोमोनास पुरता मरत नाही, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. डीएचआरला ही पायरी दिसतच नाही, ती त्याच्या आधी संपते.

पेशी मुळातच अधू असतात की त्या चिखलात जाऊन अधू होतात, यावर संशोधकांत वाद आहे. मला विचाराल तर दोन्ही, पण चिखलाचा वाटा मोठा. कोल्हापूरचे आहात म्हणून सांगते: तालमीत घोटलेला पैलवान आहे, पण हौदात लाल मातीऐवजी गुडघाभर दलदल केलीय. पाय रुततोय, डाव लागत नाही, आणि बाहेरून वस्ताद आणखी पैलवान आत सोडत सुटलेत.

वस्ताद म्हणजे आयएल-८ नावाचा रासायनिक निरोप. श्वासनलिकेच्या पेशी तो पाठवत राहतात आणि न्यूट्रोफिल येत राहतात. दाट कफात ऑक्सिजन कमी. तिथे स्यूडोमोनास स्वतःभोवती बुळबुळीत आवरण करून वस्ती करतो. न्यूट्रोफिलला ती वस्ती गिळता येत नाही. मग ती आपली हत्यारं बाहेरच ओतते आणि मरते. त्या हत्यारांत इलास्टेज नावाचं एंझाइम असतं. शरीरात त्याला आवर घालणारी प्रथिनं आहेत, पण इतक्या इलास्टेजपुढे ती पुरी पडत नाहीत. मग ते मोकाट सुटतं. श्वासनलिकेची भिंत कुरतडतं, जंतूला चिकटलेल्या अँटिबॉडी कापतं आणि इतर न्यूट्रोफिलच्या अंगावरचे, जंतू ओळखायचे आणि निरोप ऐकायचे भाग तोडतं. म्हणजे नवीन आलेली धडधाकट पेशीसुद्धा तिथे पोचल्यावर आंधळी-बहिरी होते. डॉक्टरांच्या 'जास्त आहे पण कामाची नाही' याचा अर्थ हा.

आणखी एक. मेलेल्या न्यूट्रोफिलमधून डीएनएचे लांब धागे बाहेर पडतात, त्यानं कफ आणखी चिवट होतो. म्हणून डॉर्नेज अल्फा नावाचं औषध ओढायला देतात, ते डीएनए कापतं. अमेरिकेत ते १९९३ पासून वापरात आहे. मेलेल्या पेशी उचलायचं काम मॅक्रोफेज नावाच्या दुसऱ्या पेशींचं, पण इलास्टेज तिथेही आड येतं. मढी पडून राहतात.

बेडका हिरवा दिसतो का? तो रंग बराचसा जंतूचा नसतो, न्यूट्रोफिलमधल्या मायलोपेरॉक्सिडेज या एंझाइमचा असतो. हिरवा बेडका म्हणजे सैन्य तिथेच मरून पडलंय.

शाहूपुरीकर

ताई, हे असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बेडका हिरवाच असतो. मी समजत होतो की जंतूचाच रंग. एक विचारतो: हे सगळं जंतू आल्यावर सुरू झालं असेल, तर आधीच जंतू मारला असता तर टळलं असतं का?

भिंगातून

पूर्ण नाही. ऑस्ट्रेलियात नवजात तपासणीत निदान झालेल्या बाळांची फुफ्फुसं लहानपणापासून तपासत गेले, २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तीन महिन्यांच्या बाळांच्या फुफ्फुसातल्या द्रवात इलास्टेज सापडलं, आणि ज्यांच्यात सापडलं त्यांच्या श्वासनलिका तिसऱ्या वर्षापर्यंत कायमच्या रुंदावण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे दाह फार लवकर सुरू होतो. आपल्याकडे नवजात बाळांची ही तपासणी सरसकट होत नाही. त्यामुळे तुम्हाला सात वर्षांनी कळलं यात तुमचं काही चुकलेलं नाही.

छातीचा_डॉक्टर

वरचं विवेचन उत्तम आहे. मी फुफ्फुसरोगतज्ज्ञ आहे, मोठ्या माणसांचा, त्यामुळे मुलीच्या औषधांचे डोस तिच्या डॉक्टरांकडूनच घ्या. तीन गोष्टी बोलतो.

अझिथ्रोमायसिन. तुम्हाला वाटतंय ताप नाही तर अँटिबायोटिक कशाला. इथे ते जंतू मारायला दिलेलं नाही, स्यूडोमोनासवर नेहमीच्या अर्थानं त्याचा फारसा परिणाम होतही नाही. ते दाह थोडा खाली आणतं आणि जंतूंच्या वस्तीलाही त्रास देतं. स्यूडोमोनास घर करून बसलेल्या रुग्णांत त्यानं आजार उसळण्याचं प्रमाण घटतं. मात्र ते सुरू करण्याआधी बेडक्यात टीबीच्या जातकुळीतले दुसरे जंतू (नॉन-ट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया) नाहीत ना, हे बघावं लागतं. ते असतील तर एकटं अझिथ्रोमायसिन देऊन ते जंतू औषधाला दाद देईनासे होतात. तुमच्या मुलीची टीबीची औषधं झाली आहेत, म्हणून हा प्रश्न पुढच्या भेटीत नक्की विचारा.

आता मामांचा मुद्दा. प्रतिकारशक्ती 'कमी' असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. अंगावर गळवं, यकृतात गळू, साध्या गोवर-कांजिण्यांनी बेजार. या मुलांत तसं होत नाही. लशी नीट लागू पडतात. रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडी बऱ्याचदा नेहमीपेक्षा जास्तच असतात. कोंडी आहे ती फुफ्फुसात आणि सायनसमध्ये. तेव्हा 'वाढवायचं' काय? समजा काढ्यानं खरंच न्यूट्रोफिल चेतवले, तर ते आपल्याला नकोच आहे.

मग दाबून टाकूया का? तेही करून झालंय. स्टेरॉइड दीर्घकाळ दिल्यावर फुफ्फुसाला थोडा फायदा दिसला, पण मुलांची उंची खुंटली, मोतीबिंदू झाले, साखर वाढली. न्यूट्रोफिलला बोलावणारा एक निरोप अडवणारं औषध माणसांवर तपासलं गेलं, तेव्हा फुफ्फुसाचा आजार जास्त उसळायला लागला म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली. निकामी वाटणारी ही फौज जंतूंना रक्तात उतरू देत नाही, हे तिचं उपकाराचं काम विसरू नका. म्हणून सारा भर कफ पातळ करणं, तो काढणं आणि जंतू हटवणं यावर. फिजिओथेरपीचा कंटाळा आला की हे आठवा: ओढून बाहेर काढलेल्या प्रत्येक बेडक्यासोबत इलास्टेजही बाहेर जातं.

गुळवेलीबद्दल स्पष्ट बोलतो. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, तो वाद आपण बाजूला ठेवू. पण सिस्टिक फायब्रोसिसमध्ये पित्त दाट होऊन यकृत आधीच जोखमीत असतं. त्या यकृतावर मी हा प्रयोग करणार नाही. मामांना प्रेमानं सांगा, पण द्यायचं नाही हे ठरवूनच सांगा.

शाहूपुरीकर

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. मायकोबॅक्टेरियाचं लिहून घेतलं. 

एक नाजूक विषय. मामाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून हे झालं, असं आता पाहुण्यांत बोललं जातंय. बायको रडते. यात किती तथ्य? आणि दारच दुरुस्त करणारी गोळी निघालीय असं ऐकलं, ती पेशींनाही दुरुस्त करते का?

छातीचा_डॉक्टर

जनुकाच्या दोन प्रती असतात. दोन्ही बिघडल्या तरच आजार. आई-वडील दोघंही एकेक बिघडलेली प्रत घेऊन ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. नात्यात लग्न झालं की दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते, एवढं खरं. पण नात्याबाहेर लग्न केलेल्यांनाही अशी मुलं होतात, आणि आजी-आजोबांच्याही मागून आलेल्या गोष्टीसाठी सुनेला बोल लावणं हा निव्वळ अडाणीपणा. जितका वाटा तिचा तितकाच तुमचा. पुढचं मूल हवं असेल तर जनुकांचा रिपोर्ट हाताशी ठेवा, गरोदरपणाच्या अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा तुकडा घेऊन तपासता येतं.

गोळीबद्दल. पहिली २०१२ मध्ये आली, तीन औषधांची एकत्र गोळी २०१९ मध्ये, दोन्ही आधी अमेरिकेत. ठरावीक बिघाडांवरच चालतात. युरोपात ज्या एका बिघाडाचं प्रमाण प्रचंड आहे, एफ५०८डेल, तो भारतीय रुग्णांत त्या मानानं कमी आढळतो, म्हणून तुमचा रिपोर्ट महत्त्वाचा. गोळी लागू पडली की घामातलं क्लोराइड उतरतं, कफ सुटतो, बेडक्यातलं इलास्टेजही कमी होतं. पण ज्यांची फुफ्फुसं आधीच खराब झालीत त्यांच्यात दाह पूर्ण विझत नाही आणि स्यूडोमोनासही बऱ्याचदा टिकून राहतो. किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात सिस्टिक फायब्रोसिस तिसऱ्या गटात आहे आणि मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र. रिपोर्ट आला की तिथे चौकशी करा. मुलांच्या या आजाराचा दांडगा अनुभव असलेली ठिकाणं म्हणजे दिल्लीचं एम्स आणि वेल्लोरचं सीएमसी.

उसाचा_फड

मी डॉक्टर न्हाई ओ, शेतकरी माणूस. पण एक सांगतो, पोरीला गुऱ्हाळावर नगा नेऊ. दिवाळीपास्नं आमच्याकडं गुऱ्हाळं चालू असत्यात, चुलवाणात चिपाडं जळत्यात, तो धूर बसला की धट्टीकट्टी माणसं खोकत्यात. काकवी हवी असंल तर घरी आणून द्या की. 

भिंगातून

लाख मोलाचं बोललात दादा. धूर कुठलाही असो, या मुलांना नकोच. 

त्याला जोडून: शाहूपुरीकर, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात घरात पाणी आलं होतं का? भिंतींना अजून ओल आणि काळी बुरशी असेल तर आधी ती खरवडून काढा, मुलीला त्या खोलीत न ठेवता. ॲस्परजिलस ही बुरशी अशा ठिकाणी वाढते आणि सिस्टिक फायब्रोसिसच्या काही मुलांत प्रतिकारयंत्रणा तिच्यावर भलतीच चिडते. तेव्हा न्यूट्रोफिलपेक्षा ॲलर्जीची बाजू पेटते, आयजीई ही ॲलर्जीची अँटिबॉडी खूप वाढते. नेहमीची अँटिबायोटिकं देऊनही दम लागणं वाढत गेलं तर डॉक्टर हेही तपासतात.

इचलकरंजीची_आई

धागा आज वाचला. माझा मुलगा चौदा वर्षांचा, हाच आजार. वरचं शास्त्र मला पहिल्यांदा इतकं कळलं. मी आपलं घरचं सांगते.

नेब्युलायझरचा क्रम: आधी श्वासनलिका उघडणारं औषध, मग मिठाचं पाणी, मग फिजिओ, आणि ओढायचं अँटिबायोटिक असेल तर ते सगळ्यात शेवटी. आधी घेतलं तर कफाबरोबर निघून जातं. कप प्रत्येक वेळी धुवायचा, दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळायचा आणि हवेवर पूर्ण वाळू द्यायचा. ओला कप झाकून ठेवणं म्हणजे स्यूडोमोनासला आवतण. त्याला ओलावाच लागतो. रंकाळ्याचं पाणी, कूलरचं पाणी, यापासून लांब.

एंझाइमची कॅप्सूल गिळत नसेल तर उघडून आतले दाणे सफरचंदाच्या गरावर घालून द्या. गरम दुधात अजिबात नको, आणि चावू द्यायचे नाहीत. तेल-तूप तोडू नका. आमचा पांढरा रस्सा वाटीवर वाटी पितो, कॅप्सूल घेऊन. एप्रिल-मेमध्ये घामावाटे मीठ फार जातं, गळून जातात मुलं. वरून किती मीठ द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. शाळेत बाईंना सांगून ठेवा की हा खोकला वर्गातल्या इतर मुलांना लागत नाही आणि डब्यात लोणचं-पापड का असतो.

काढ्याचं आमच्याकडेही झालं होतं. सासूबाईंना मी फिजिओ शिकवली, पाठीवर थापटायचं काम त्यांच्याकडे दिलं. त्यांना नातवासाठी काहीतरी हातानं करायचं होतं, ते मिळालं. काढा आपोआप मागे पडला. मामांना असं काही देऊन बघा.

शाहूपुरीकर

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. मामा निवृत्त आहेत, सकाळचा वेळ मोकळाच असतो. करून बघतो. 

धाकटा दोन वर्षांचा आहे, वजन बरं आहे, खोकला नाही. त्याचीही घामाची तपासणी करायची का? आणि तुम्ही जवळच आहात तर एखाद्या रविवारी मुलांना घेऊन भेटूया का? माझ्या पोरीला कळेल की आपल्यासारखं आणखी कुणी आहे.

छातीचा_डॉक्टर

धाकट्याची करायचीच. बरा दिसतोय म्हणून थांबू नका, वर बाळांचं वाचलंत ना. मुलीची केली तिथेच करा, म्हणजे पद्धत तीच राहील. तपासणीच्या दिवशी तो आजारी किंवा जुलाबानं सुकलेला नसावा.

इचलकरंजीची_आई

भेटूया की, पण मुलांना आणायचं नाही. कठोर वाटेल, मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. या आजाराच्या दोन मुलांनी एकत्र बसायचं नसतं, निदान सहा फूट अंतर लागतं, कारण यांचे जंतू एकमेकांना लागतात आणि माझ्या मुलाचा स्यूडोमोनास तुमच्या मुलीच्या स्यूडोमोनासपेक्षा कितीतरी हट्टी असेल. दवाखान्यातही बाहेरच्या बाकावर शेजारी बसवू नका. दोघांना फोनवर व्हिडिओनं बोलू देत, माझा पोरगा गेमिंगचं काय काय शिकवेल तिला.

तुम्ही, वहिनी आणि जमलं तर मामा, तिघं या. मी बसनं येते, राजारामपुरीत कुठेही चहाला बसू. नेब्युलायझरचा जुना कप घेऊन येईन, तो कसा धुवायचा ते दाखवायला. तुम्ही मुलीच्या सगळ्या कल्चर रिपोर्टची फाइल आणा, तारखेप्रमाणे कशी लावायची ते सांगते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.